झोपेच्या प्रयोगशाळेत जागं कोण असतं? सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

एका विद्यापीठाच्या झोप आणि स्मृती प्रयोगशाळेत मी सात वर्षं रात्रपाळी केली. आता सोलापुरात घरी बसून तिथल्या नोंदी वाचायचं काम करते. त्यामुळे कॉलेजातली मुलं, त्यांच्या आया, यंत्रमागावर तिसरी पाळी करणारे शेजारी आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका असे सगळे तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक आधीच सांगते, म्हणजे निम्मे फोन वाचतील: ही प्रयोगशाळा सोलापुरात नाही.

१. तिथे नेमकं करतात काय ओ? लोकांना झोपवायचा पगार घेता म्हणे!

झोपवत नाही, झोपू देतो. एखादी गोष्ट शिकल्यानंतर माणूस झोपला तर ती जास्त लक्षात राहते का, आणि राहत असेल तर झोपेच्या कुठल्या भागामुळे, हे आम्ही शोधतो. सहभागी संध्याकाळी येतो आणि शब्दांच्या चाळीसेक जोड्या पाठ करतो. मग वायरी लावून झोपतो आणि सकाळी त्याची परीक्षा होते. दुसरा गट सकाळी पाठ करतो, दिवसभर जागा राहतो आणि संध्याकाळी परीक्षा देतो. मग दोन्हींची तुलना.

या प्रयोगाचा सांगाडा जुना आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी फक्त दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले होते. झोपेनंतर विसरणं कमी होतं, हे तेव्हाच दिसलं. ते का होतं, यावर शंभर वर्षं काम चालू आहे.

२. तिथे कोण कोण असतं? सगळे डॉक्टरच का?

दवाखान्यातले डॉक्टर फार थोडे, बहुधा एखादे सल्लागार. वरच्या टोकाला प्राध्यापक असतात. कागदावर प्रयोगशाळा त्यांची, पण त्यांचा निम्मा वेळ निधीचे अर्ज लिहिण्यात जातो. त्यांच्या खाली पीएचडी झालेले एक-दोन संशोधक. प्रयोगाची आखणी खरं तर तेच करतात आणि त्यांची नोकरी प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते. मग पीएचडीची मुलं. यात मानसशास्त्राची असतात, जीवशास्त्राची असतात, आणि विद्युत अभियांत्रिकी करून वाट वाकडी केलेला एक तरी असतोच. सगळ्यांचे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करतो.

यानंतर ज्यांचं नाव शोधनिबंधात शेवटच्या आभारांत येतं किंवा येतच नाही अशी माणसं. सहभागींना फोन करून तारखा जुळवणारी प्रकल्प सहायक. रात्रीचे तंत्रज्ञ. चादरी बदलणाऱ्या मावशी. आमच्याकडच्या मावशींना कुठल्या खोलीतली गादी कुरकुरते हे प्राध्यापकांच्या आधी ठाऊक होतं. एका पीएचडीवाल्याला वाटायचं की दोन नंबरच्या खोलीत लोकांची गाढ झोप कमी भरते, यात काहीतरी शोध दडलाय. शोध गादीत होता.

३. रात्री नऊ ते सकाळी सात तंत्रज्ञ करतो काय? नुसता पडद्याकडे बघत बसतो?

बघत बसणं हे काम आहेच, पण पहिला दीड तास हातांचा असतो. शिंप्यासारखी टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, मग कानापासून कानापर्यंत. त्या अंतराच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या. म्हणूनच या पद्धतीला दहा-वीस म्हणतात. प्रत्येक खुणेवरची त्वचा घासून साफ करायची आणि पेस्ट भरलेली छोटी धातूची वाटी चिकटवायची. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर तीन, कानामागे दोन, छातीवर हृदयासाठी. मग त्वचा विजेला किती अडवते, तो अडथळा मोजायचा. तो पाच किलोओहमच्या खाली आला नाही, तर पुन्हा घासा.

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे डोक्याचं तेल. "शांपू करून या, तेल लावू नका" असं तीनदा सांगितलं तरी कुणाची तरी आई निघताना तेल थापतेच. "रात्रीचं झोपायचंय, डोकं शांत राहील," ही तिची माया. वाटी मात्र त्या तेलावरून घसरते.

दिवे मालवण्याआधी सहभागीला "डोळे मिटा, डावीकडे बघा, दात आवळा" अशा सूचना देतो. कुठली वायर काय दाखवते याची ती खातरजमा. त्यानंतर रात्रभर वही. किती वाजता कूस बदलली, किती वाजता लघवीला उठले, किती वाजता बाहेर कुत्रं भुंकलं. मेंदूचे संदेश मायक्रोव्होल्टमध्ये असतात, म्हणजे व्होल्टचे दहालाखावे भाग. त्यामुळे भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेपासून घामापर्यंत काहीही त्यात मिसळतं. घाम तर फार फसवा. त्याने रेषा संथ वरखाली होते आणि थेट गाढ झोपेच्या लहरीसारखी दिसते. म्हणून खोली गार ठेवावीच लागते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसकडे निघालेला असताना सोलापुरातल्या साध्या खोलीत हा प्रयोग करायचा म्हटलं, तर सगळं गाव रात्रभर गाढ झोपलंय असा निष्कर्ष निघेल.

४. त्या वायरींनी शॉक बसतो का? मनातलं कळतं का?

नाही आणि नाही. वायरी शरीराला वीज देत नाहीत, शरीराची घेतात. आणि स्वप्नात कोण आलं होतं ते रेषांवरून दिसत नाही. तुम्ही स्वप्नाच्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे, इतकंच कळतं.

५. आमची मुलगी शिकायला तिकडे आहे, सहभागी व्हायचं म्हणते. परक्या ठिकाणी रात्रभर झोपायचं, खोलीत कॅमेरा म्हणे. कसं पाठवायचं?

हा प्रश्न बहुतेक आयांचा असतो आणि मला तो अजिबात मागासलेला वाटत नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही विचारला असता. आमच्याकडचा शिरस्ता सांगते. मुलगी सहभागी असेल त्या रात्री पाळीवर बाई तंत्रज्ञ असते, नसेल तर रात्र पुढे ढकलतात. खोलीत ती एकटी झोपते आणि तंत्रज्ञ शेजारच्या खोलीत असते. कॅमेरा असतो, अंधारात दिसणारा. तो कधी चालू आणि कधी बंद, हे संमतिपत्रात लिहिलेलं असतं. कपडे बदलायची जागा वेगळी असते.

दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत जाणार असेल, तर हेच सगळं आधी विचारून घ्यायला सांगा. शिवाय नीतिसमितीची, म्हणजे सहभागींचं हित जपलं जातंय का हे बघणाऱ्या समितीची, परवानगी आहे का, आणि मधूनच निघून जाता येतं का, हेही. भारतात माणसांवरच्या संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार सहभागी कुठल्याही क्षणी, कारण न देता, उठून जाऊ शकतो. पहाटे तीन वाजतासुद्धा. माझ्या पाळीत दोघं गेले. एकाला रिक्षा मिळेना, तर आमच्या पीएचडीवाल्याने स्कूटरवर सोडलं.

मुलगी अठराच्या आतली असेल तर आईवडिलांची संमती आणि तिचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. नुसती तुमची सही पुरत नाही.

६. झोपायचे पैसे किती?

वेळेचा आणि प्रवासाचा मोबदला मिळतो. रक्कम प्रत्येक प्रकल्पात वेगळी असते आणि नीतिसमिती ती मुद्दाम बेताची ठेवायला लावते, म्हणजे कुणी पैशाच्या ओढीने मनाविरुद्ध येऊ नये. हा धंदा होऊ शकत नाही. वाक्याच्या शेवटी "महिन्याला किती रात्री जमतील?" असं जोडणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

७. परक्या गादीवर, डोक्याला वायरी लावून झोप लागते तरी का?

पहिल्या रात्री नीट लागत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर जशी लागते तशी, मधूनमधून. याला पहिल्या रात्रीचा परिणाम म्हणतात आणि १९६६ पासून तो व्यवस्थित नोंदलेला आहे. म्हणून पहिली रात्र सरावाची. वायरी लावतो, पण ती रात्र हिशेबात धरत नाही. नव्या जागी मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहाऱ्यावर असतो, असं २०१६ मध्ये एका अभ्यासात दिसलं. माहेरून पहिल्यांदा सासरी आलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायची गरज नाही.

८. नोंद वाचणं म्हणजे काय? आता तर ते कॉम्प्युटरच करत असेल ना?

रात्रीची नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. आठ तासांचे ९६० तुकडे. प्रत्येकावर शिक्का मारायचा: जागा, हलकी झोप, मधली, गाढ, की डोळे भिरभिरणारी, म्हणजे स्वप्नांची. तीस सेकंदच का? पूर्वी हे कागदावर उमटायचं. कागद सेकंदाला एक सेंटिमीटर सरकायचा आणि पान तीस सेंटिमीटरचं असायचं. कागद गेला, पानाची लांबी राहिली.

मधल्या झोपेची एक खूण सोलापूरकरांना शिकवावी लागत नाही. सेकंदाला अकरा ते सोळा वेळा थरथरणारी, निदान अर्धा सेकंद टिकणारी, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती लहर. तिचं इंग्रजी नाव, स्पिंडल, सूतगिरणीतल्या चातीवरून पडलंय. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांना मी पडद्यावर ती दाखवली तेव्हा म्हणाले, "सूत भरलेली आहे." स्मृतीच्या अभ्यासात या चात्यांना फार मान आहे. गाढ झोपेतल्या संथ लहरींशी त्यांची वेळ जुळते तेव्हा दिवसा शिकलेलं पक्कं होतं, असं आज बहुतेक जण मानतात.

आता कॉम्प्युटर. हो, तो शिक्के मारतो आणि बरे मारतो. पण कसलेली दोन माणसं एकच नोंद वाचतात तेव्हासुद्धा शंभरातले ऐंशी-ब्याऐंशी तुकडेच जुळतात. म्हणजे कॉम्प्युटर शिकला तोही आमच्याच मतभेदांवर. त्याने वाचलेलं माणूस तपासतो. सहभागी कुठल्या गटातला आहे हे वाचणाऱ्याला सांगत नाहीत, नाहीतर डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं.

आणि रात्री निसटलेली वायर कॉम्प्युटर उठून लावत नाही. एकदा दोन वाजता माझ्याकडे मुख्य संदर्भाची वायर निघाली, म्हणजे बाकी सगळ्या वायरी जिच्याशी ताडून मोजतात ती. मुलगा इतका छान झोपला होता की त्याला उठवायचा जीव होईना. अर्धा तास थांबू म्हटलं. सगळी रात्र वाया गेली आणि त्या मुलाला बिचाऱ्याला पुन्हा यावं लागलं. तेव्हापासून मी उठवते.

९. दहावीच्या मुलाच्या उशाशी रात्रभर मोबाइलवर धडे लावले तर पाठ होतील का?

होणार नाहीत. झोपमोड तेवढी होईल. १९५६ मध्ये सायमन आणि एमन्स यांनी ईईजी लावून, म्हणजे डोक्यावरच्या वायरींनी मेंदूच्या लहरी टिपून, हे तपासलं होतं. मेंदूत जागेपणाच्या लहरी असताना ऐकवलेलं लोकांना काहीसं आठवलं, खऱ्या झोपेत ऐकवलेलं नाही.

पण आधी शिकलेलं झोपेत उजळवता येतं, ही वेगळी गोष्ट. २००७ मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकच्या गटाने लोकांना पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या आणि त्या वेळी गुलाबाचा वास सोडला. तोच वास गाढ झोपेत पुन्हा सोडला तेव्हा सकाळी सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या. वास न सोडता ८६. हे वाचून एका काकूंनी मुलाच्या खोलीत गुलाबाची उदबत्ती लावली. काकू, त्या गटाकडे मुलगा नेमका केव्हा गाढ झोपलाय हे सांगणारा तंत्रज्ञ होता. शिवाय आधी मुलाने अभ्यास केलेला असावा लागतो.

१०. आम्ही वीस वर्षं रात्रपाळी करतोय. आम्हाला घेतात का प्रयोगात?

बहुधा नाही. याचं मला वाईट वाटतं. अशा प्रयोगांच्या अटींत "गेल्या काही महिन्यांत रात्रपाळी केलेली नसावी" ही ओळ बहुतेक वेळा असते. कारण समजण्यासारखं आहे. शरीराचं घड्याळ विस्कटलेलं असेल, तर झोपेचा परिणाम कुठला आणि पाळीचा कुठला हे वेगळं काढता येत नाही. पण त्यामुळे होतं काय, की झोप आणि स्मृतीबद्दल आपण जे छातीठोक सांगतो, ते बरंचसं वीस-बावीस वर्षांच्या, निरोगी, रात्री अकराला झोपू शकणाऱ्या कॉलेजच्या मुलांवरून सांगतो. ज्या गावात चादरी आणि टॉवेलचे माग रात्रभर खडखडतात, आणि त्या खडखडाटाच्या भिंतीला लागून पोरं झोपतात, त्या गावाला ते जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

रात्रपाळीवाल्यांचे वेगळे अभ्यास होतात, पण ते बहुतेक परिचारिका आणि कारखान्यातल्या कामगारांचे. आरोग्यावरचा परिणाम ते पाहतात, स्मृतीवरचा क्वचित. आणि गंमत बघा, हा नियम लावणारी प्रयोगशाळा आपल्या तंत्रज्ञांना मात्र आठवड्याला तीन रात्री जागवते. मी स्वतः माझ्याच प्रयोगशाळेत सहभागी होऊ शकले नसते.

११. आमचे हे भयंकर घोरतात. तुमच्याकडे तपासून मिळेल का?

नाही. संशोधनाची प्रयोगशाळा निदान करत नाही आणि अहवाल देत नाही. घोरताना मध्येच श्वास थांबतो असं वाटत असेल, दिवसा गाडी चालवताना पेंग येत असेल, तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. ते निद्राचाचणी लिहून देतील. तीत वायरी जवळपास त्याच असतात (प्रश्न ३), शिवाय नाकाशी श्वासाची नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा.

एक आडवळण: प्रयोग चालू असताना आम्हाला कुणाच्या नोंदीत काही काळजीचं दिसलं तर? तेव्हा तंत्रज्ञाने सहभागीला स्वतः काही सांगायचं नसतं. ते सल्लागार डॉक्टरांकडे जातं आणि ते सांगतात. सकाळी सात वाजता समोरचा माणूस हसत "कशी झोपलो मी?" विचारतो आणि आपण "छान" म्हणून वायरी काढत राहतो, ते सोपं नसतं.

१२. सोलापूरच्या पोरांना या कामात शिरायचं तर काय शिकावं?

मानसशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, काहीही चालतं. पीएचडीसाठी नेट ही परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा. ती नसेल तर प्रकल्पाच्या निधीवर सहायक म्हणून शिरता येतं, पण निधी संपला की नोकरीही संपते. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेत झोपेच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे, तिकडे चौकशी करा. तंत्रज्ञ व्हायचं असेल तर ईईजीचा किंवा निद्रातंत्राचा अभ्यासक्रम बघा.

पण खरं भांडवल वेगळं आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी अशा चार भाषांत अनोळखी माणसाला धीर देता येतो अशी पोरं सोलापूरच्या गल्लीगल्लीत आहेत. रात्री साडेदहाला डोक्याला वायरी लावून घाबरून बसलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणं, याचं सर्टिफिकेट मिळत नाही. मुलाखतीत सांगा.

१३. शब्दांच्या जोड्या कुठल्या भाषेत असतात? आमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी.

हा मला आलेला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो पूर्व भागातल्या एका बीएस्सीच्या मुलीने विचारला होता. जोडी म्हणजे "कुलूप–हत्ती" असं काहीतरी. शब्द सगळ्यांना सारखेच परिचित हवेत, नाहीतर स्मृतीऐवजी शब्दसंग्रह मोजला जातो. इंग्रजीत कुठला शब्द किती वापरात आहे याच्या तयार याद्या मिळतात. आपल्या भाषांत बऱ्याचदा त्या आधी स्वतः तयार कराव्या लागतात आणि त्यातच सहा महिने जातात. तुमच्यासारखा सहभागी आला तर "हत्ती" मराठीत वाचून मनात "एनुगु" म्हणून ठेवेल, आणि सकाळी कुठल्या भाषेतून काढेल कोण जाणे. म्हणून बरेच प्रयोग शब्द टाळून चित्रं, जागा किंवा बोटांच्या हालचाली घेतात. त्यातही कटकट आहे, ती पुढच्या उत्तरात.

१४. पेपरात छापून आलेलं पुढे खोटं ठरतं का?

खोटं नाही, पातळ होतं. ४-१-३-२-४ असे आकडे बोटांनी भराभर दाबायचे, असा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. २००२ मध्ये दिसलं की एका रात्रीच्या झोपेनंतर वेग साधारण वीस टक्क्यांनी वाढतो. पुढे दुसऱ्यांनी शंका काढली: संध्याकाळी सरावाच्या शेवटी बोटं थकलेली असतात, सकाळी ताजी असतात, मग वाढ झोपेची की विश्रांतीची? वाद अजून मिटलेला नाही. वायरी लावणाऱ्याला मात्र याचं काही वाटत नाही, आम्हाला दोन्ही बाजूंसाठी तेवढ्याच रात्री जागाव्या लागतात.

१५. शास्त्रज्ञ घरच्यांवर प्रयोग करतात म्हणे?

पूर्वी करायचे. शिकागोत युजीन असेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, वायरी लावून झोपवलं आणि झोपेत डोळे जोरात फिरतात हे पाहिलं. १९५३ मध्ये ते छापून आलं आणि हा सगळा विषय उभा राहिला. त्याचे गुरू क्लाइटमन तर १९३८ मध्ये केंटकीच्या मॅमथ गुहेत एका तरुण सहकाऱ्यासोबत ३२ दिवस राहिले होते, अठ्ठावीस तासांचा दिवस शरीराला मानवतो का ते बघायला. तरुणाला मानवला, गुरुजींना नाही. आज स्वतःच्या मुलाला असं बसवायचं म्हटलं तर नीतिसमिती फाइल परत पाठवेल (प्रश्न ५).

१६. आणि तंत्रज्ञालाच झोप लागली तर?

लागते. साडेतीन ते पाच ही वेळ वाईट. शरीराचं तापमान तेव्हा सगळ्यात खाली असतं, खोली गार असते आणि पडद्यावर दुसऱ्याची गाढ झोप शांतपणे सरकत असते. आम्ही उभं राहून बसून बघतो, चहा पितो, कुणी शेंगा खातं. प्रयोगशाळेचा नियम एकच: लागली तर लिहायचं. नोंद कॉम्प्युटरवर चालूच असते, पण त्या वेळात सहभागी उठला का, काही बोलला का, हे कुणी पाहिलेलं नसतं आणि वाचणाऱ्याला ते कळायला हवं. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वहीत ती ओळ आहे: "४.०५ ते ४.२० – खोली १ मध्ये गाढ झोप. खोली २ मध्ये गाढ झोप. तंत्रज्ञ – झोप." खाली प्राध्यापकांनी लाल पेनने लिहिलंय, "कुठला टप्पा?"